ड्रॉप म्हणजे काही खाणं नव्हे

पहिल्याच दिवशी डाऊवेने माझ्या पथ्याचा तो तक्ता कपाटाच्या दारावर डकवला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, वर आडवी एक जास्तीची. मी उपटून टाकीन याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगते, टाकलाच असता.

डाऊवे माझा नवरा. आमच्या बार्जवर, म्हणजे कालव्यातल्या मालवाहू बोटीवर, तांडेल मी, खलाशी तो. बार्ज माझ्या वडिलांची, सुकाणूचा परवाना माझा, आणि दोरखंडाच्या कामात डाऊवेचा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या फ्रीसलंड प्रांतात सापडायचा नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, अडतीसही पाण्यावर गेली. रॉटरडॅमला खडी भरायची, लेमरला उतरवायची, परत फिरायचं. पुढच्या टोकाला माल, मागच्या टोकाला आमचं घर: दोन खोल्या, एक चूल, खिडकीत कुंड्या. मला दुसरं काही नको होतं.

तक्ता असा होता. सकाळी ओट आणि दही. दुपारी काळ्या पावाचे दोन तुकडे, लोणी नाही, चीज नखाएवढं. संध्याकाळी उकडलेली भाजी, मीठ न घालता. साखर बंद. कॉफीबरोबरचं बिस्किट बंद. आमच्याकडे पाहुण्याला एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लगेच लावतात, त्यावरून जग आम्हाला हसतं. आता ते एकसुद्धा गेलं.

"बिनमिठाचं खायला मी काय मेलेय?" मी विचारलं.

"मेली नाहीस म्हणूनच खायचं," डाऊवे म्हणाला आणि माझ्यापुढे फ्लॉवरची ताटली ठेवली.

हे सगळं कशासाठी, तर त्या कागदासाठी. आमच्या धंद्यात साठी झाली की डॉक्टरी तपासणी होते. तपासणीच्या डॉक्टरने माझ्या दंडाला पट्टा तीनदा बांधला, तिन्ही वेळा तोंड वाकडं केलं. रक्तदाब जास्त, वजन जास्त. "तीन महिन्यांचा तात्पुरता कागद देतो," तो म्हणाला. "तेवढ्यात रक्तदाब खाली आणा. नाही आला तर सुकाणू सोडावं लागेल."

सुकाणू सोडायचं म्हणजे काय, ते त्याला कुठे ठाऊक? डाऊवेकडे परवाना नाही. मी उतरले की बार्ज विकायची आणि जमिनीवर जायचं. एका ओळीत बांधलेली घरं, जागची न हलणारी भिंत, मोठी उघडी खिडकी. पडदे ओढायचे नाहीत, नाहीतर लोक म्हणणार यांच्याकडे लपवण्यासारखं काय आहे. रस्त्याने जाणारा कुणीही माझ्या ताटात डोकावणार. त्या विचारानेच माझा जीव गुदमरायचा. म्हणून मी ठरवलं, गवत खायला लावलं तरी खाईन.

आणि खाल्लं. जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं होतं, तेही लिहिलं. अर्धं सफरचंद, लिहिलं. दह्याचे चार चमचे, लिहिले. दुकानात डाऊवे भिंग घेऊन प्रत्येक पाकिटाची पाठ वाचायचा, मीठ किती, साखर किती, आणि मागे रांग ताटकळायची. मला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं. माझ्या बार्जसाठी माणूस एवढा झटतोय, अजून काय पाहिजे?

भूक मात्र मेली जाता जात नव्हती. तिच्यावर इलाज होता ड्रॉप. ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या हो. आमच्याकडे त्या गाडीच्या कप्प्यात असतात, कोटाच्या खिशात असतात, चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाकाखालून एकमेकांना दिल्या जातात. ड्रॉप म्हणजे काही खाणं नव्हे. पूर्वी मी खारट खायची, दिवसाला पाच-सहा. मीठ बंद म्हटल्यावर शहाण्यासारखं त्या सोडल्या आणि बिनसाखरेच्या मऊ वड्यांवर आले. साखर नाही, मीठ नाही, मग राहिलं काय? चहातही साखर बंद, म्हणून ज्येष्ठमधाचा चहा आणला. साखर न घालता गोड! दिवसाला थर्मासभर. वड्यांची पिशवी सुकाणूजवळ ठेवलेली असायची. ती रिकामी झाली की डाऊवे न सांगता दुसरी आणून ठेवायचा.

तिसऱ्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. मुलीला, रिक्स्टला, फोन केला. ती स्नेक गावात राहते आणि आरोग्यावरचं सगळं वाचत असते.

"आई, ते चांगलं लक्षण आहे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांचं विष बाहेर पडतंय. दोन आठवडे कळ काढ."

"विष? अगं, मी काय उंदीर आहे?"

"चिडचिड पण होते म्हणे. बघ, होतेय ना?"

काय बोलणार कप्पाळ! मी कळ काढली. दोन आठवडे गेले, चार गेले, विष काही संपेना. घोट्यांना सूज आली. संध्याकाळी बूट काढले की मोज्याची नक्षी पायावर उमटलेली असायची. मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग हातातली ताकद गेली. बरणीचं झाकण उघडेना, ज्या हाताने मी बापाच्या वेळी नांगराची साखळी ओढलीय त्या हाताने. आणि छातीत ते सुरू झालं. मध्येच एक ठोका चुकायचा, मग तीन-चार घाईघाईने पडायचे. मी श्वास रोखून मोजत बसायची.

वजन मात्र उतरत होतं. भेटेल तो म्हणायचा, "आफके, काय झकास दिसतेयस!" कालव्यात बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांचा रखवालदार तर वायरलेसवर, आमच्या बार्जला नावाने हाक मारून, सगळ्यांदेखत म्हणाला, "यान्स्के, तुमची तांडेल बारीक झाली की बार्ज रुंद झाली?" सगळे हसले, मीही हसले. हसून झाल्यावर दोन्ही हातांनी सुकाणू धरून उभी राहिले.

आता करायचं काय? नेहमीच्या डॉक्टरकडे गेले आणि छातीचं सांगितलं, तर ते कागदावर चढणार आणि कागद जाणार. नाही गेले तर एक दिवस शिडीवरून पाण्यात जाणार. तक्ता सोडला तर वजन चढणार, तपासणीत नापास. तक्ता पाळला तर ही दशा. कुठूनही निघा, पुन्हा त्याच कपाटासमोर! मी त्या तक्त्यासमोर उभी राहून त्याला शिव्या घालायची आणि मग आणखी कडक पाळायची. चूक माझीच असणार, कुठेतरी मीच कमी पडतेय, दुसरं कारणच दिसेना. चीज सोडलं. फळ सोडलं. मग भूक वाढली, आणि भूक वाढली की हात पिशवीकडे.

स्वतःच्या बार्जवर, स्वतःच्या खोलीत, मला पहिल्यांदा वाटलं की मला कुणीतरी आत घालून बाहेरून कडी लावलीय. हे मी डाऊवेला बोलूनही दाखवलं.

"कोंडल्यासारखं होतंय रे मला. रडावंसं वाटतं."

तो भांडी पुसत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा भांडी पुसायला लागला.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आम्ही लेमरच्या दारांत शिरत होतो. बार्ज आत घ्यायची, दोन्हीकडे हातभर जागा, मागचं दार बंद झालं की पाणी चढतं. हे मी झोपेत करू शकते. डाऊवे पुढे दोर घेऊन उभा होता. मी वेग कमी करायला हात उचलला आणि हात उचललाच गेला नाही. दिसत होता, माझाच होता, पण ऐकेना. छातीत असं धडधडलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा अंगाचा भार टाकून वेगाचा दांडा मागे ओढला. बार्ज भिंतीला घासली. ते करकरणं माझ्या दातांत गेलं. उभ्या आयुष्यात मी भिंतीला रंगसुद्धा लागू दिला नव्हता.

शुद्ध होती. खाली बसलेली होते, आणि डाऊवे समोर गुडघ्यांवर. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"डॉक्टरला फोन करतो."

"खबरदार! कागद जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात कागद!" तो ओरडला. अडतीस वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला असेल.

लेमरचे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक ग्रीक बाई आली होती, डॉक्टर कात्सारिस, तिशीची, केस वर बांधलेली. तिने हृदयाचा आलेख काढला, रक्त घेऊन तातडीने तपासायला पाठवलं, माझी वही पानन्‌पान वाचली. रक्तदाब बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीन महिन्यांपूर्वी होता त्यापेक्षा कितीतरी वर!

"तुम्ही हे खरंच पाळलंत?" तिने विचारलं.

"बाई, मी खोटं लिहीत नाही."

"मग हे जमत नाही. असं खाऊन रक्तदाब उतरायला हवा." तिने टेबलावरची बॅटरी उचलली. "जीभ दाखवा."

दाखवली. ती दचकून मागेच सरकली.

"ही काळी का?"

"ड्रॉप," मी म्हटलं. "आत्ता येताना खाल्ली."

"त्या काळ्या वड्या? मला एकाने पहिल्या दिवशी दिली होती, मी रुमालात थुंकली." तिने पुन्हा वही चाळली. "इथे तर कुठेच लिहिलेली नाही."

"त्यात काय लिहायचं? ड्रॉप म्हणजे काही खाणं आहे का?"

"दिवसाला किती?"

मला हसूच आलं. कुणी असं विचारतं का? श्वास किती घेता विचारल्यासारखं. "एक पिशवी," मी म्हटलं. "मोठी. हल्ली कधी दीड. आणि चहा."

"कसला चहा?"

सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मग तिने मला समजावलं, हळूहळू, दोनदा. ज्येष्ठमध थोडा असला तर घशाला बरा. पण पिशवीच्या पिशव्या रोज पोटात गेल्या की तो अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो. म्हणून सूज, म्हणून डोकेदुखी, म्हणून हातपाय लुळे, म्हणून छातीत ते. तासाभराने रक्ताचा निकाल आला, अगदी ती म्हणाली तसाच. तिने औषध दिलं, दोन दिवस हॉस्पिटलात ठेवून घेतलं.

"बाकी तक्ता ठीक आहे, मीठ-साखर कमीच ठेवा. पण माणसासारखं पोटभर जेवा, फळं खा, आणि त्या वड्यांना हात लावू नका. महिन्याभरात उतरेल. तपासणी तेवढी पुढे ढकलायला मी पत्र देते."

"म्हणजे कागद मिळेल?"

"मिळायला हवा."

मी तिथेच रडले. भोकाड पसरलं म्हणा ना. ती बिचारी ग्रीक पोर माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. डाऊवे दाराशी उभा होता. तो काही पुढे आला नाही.

घरी, म्हणजे बार्जवर, परत आल्यावर पहिलं काम ते केलं. सगळ्या पिशव्या गोळा केल्या. सात निघाल्या, सहा न फोडलेल्या. कचऱ्यात टाकताना एक उलटी धरली गेली. पाठीवर बारीक अक्षरांत, पण ठळक, एक ओळ होती: ज्येष्ठमध आहे. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी अति सेवन टाळावे.

मी तिथेच टेबलाशी बसले. ओळ पुन्हा वाचली. मी पाकिटांच्या पाठी वाचत नाही. माझ्या घरात पाठी कोण वाचतं?

"डाऊवे."

तो आत आला. त्याने पिशवी बघितली आणि माझा प्रश्न यायच्या आधीच खुर्चीवर बसला.

"कधी वाचलंस?"

"पाचव्या आठवड्यात."

"आणि गप्प बसलास?"

"हो."

"आणि आणत राहिलास? मी मागितली नाही तरी आणून ठेवत राहिलास?"

"हो."

माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. नालायका, म्हटलं, मेल्या, विष घालत होतास मला! बरंच काही म्हटलं, सगळं इथे सांगत नाही. माझा दम संपला तेव्हा तो बोलला.

"रक्तदाब जरा वर राहील, एवढंच वाटलं. तू नापास होशील एवढंच. तुझे हात गळाले तेव्हा मला कळायला हवं होतं. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. मग म्हणायचो, थोडेच आठवडे राहिले."

"का पण? काय केलं मी तुझं?"

"रिक्स्ट सहा वर्षांची होती," तो म्हणाला. "बार्जवरच्या सगळ्या पोरांसारखं तिला बोर्डिंगात ठेवायला मी गेलो. तिने माझी बाही धरली, सोडेना. तू इंजिन चालू ठेवून बसली होतीस, कालव्याच्या दाराची वेळ झाली होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. परत येऊन तुला म्हटलं, आफके, मला जमिनीवर राहायचंय."

"तू असं म्हणालास?"

"म्हणालो. तू म्हणालीस, उतर की मग."

मला आठवेना. देवाशप्पथ, मला आठवेना. पण शब्द माझेच होते, ते ओळखू आले.

"मग उतरला का नाहीस?"

"तू बार्जवर होतीस ना," तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही महिनाभर कामापुरतं बोललो. दोर सोड, दोर बांध, चहा झाला. तक्त्यावर त्याने बटाटा, केळं, मासा असं हाताने लिहून वाढवलं, आणि रांधायचा तो पूर्वीसारखंच, जीव लावून. माझी सूज उतरली. बरणीची झाकणं उघडायला लागली. छाती शांत झाली. मी रागावलेलीच होते, अजूनही आहे. ज्याने आपल्याला आजारी ठेवलं त्याच्याच हातचं खाऊन बरं व्हायचं, हे सोपं नसतं. पण मध्येच, सुकाणूवर एकटी असताना, मनात हिशोब यायचा. मला अकरा आठवडे कोंडल्यासारखं झालं तर मी आकाशपाताळ एक केलं. तो मला ते म्हणाला तेव्हा रिक्स्ट सहाची होती, आज पस्तिशीची आहे.

तपासणीला त्याने मला गाडीने नेलं. तो आत आला नाही. डॉक्टरने पट्टा एकदाच बांधला, आकडा लिहिला, शिक्का मारला. पाच वर्षांचा पक्का कागद! मी तो हातात घेऊन बाहेर आले. गाडीच्या काचेतून डाऊवेने मला येताना बघितलं. मी दार उघडेपर्यंतच्या त्या चार पावलांत त्याच्या तोंडावर काय होतं ते मला स्पष्ट दिसलं. तो कशाची आशा करत होता, तेही.

"पास," मी म्हटलं.

"छान झालं," तो म्हणाला, आणि ते शब्द त्याने नीट, न अडखळता म्हटले. गाडी सुरू केली. बंदराकडे वळायचा इशारा लावला.

"थांब," मी म्हटलं. "जमिनीवर कुठे राहायचंय तुला?"

मला वाटलं होतं तो म्हणेल, कुठेही, किंवा बघू. त्याने एक क्षणसुद्धा घेतला नाही. याउरे गावात, म्हणाला, चर्चच्या मागच्या गल्लीत, चौदा नंबर. रिक्स्टचं घर सायकलने पाऊण तासावर. दोन खोल्या खाली, दोन वर, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, मागे पेअरचं एक झाड, ते छाटायला झालंय.

इशारा टिकटिक करत होता. माझ्या मांडीवर कागद होता.

"किती दिवस बघतोयस हे घर?"

"हे सहा वर्षं," डाऊवे म्हणाला. "याच्या आधीची तीन विकली गेली."